ब्लड कॅन्सरच्या पेशंटच्या छातीतला डाग: टीबी म्हणण्याआधी थांबा

"डॉक्टर साहेब, टीबीच आहे न जी? कॅन्सर तं छातीत नाही गेला?"

एक्स-रेचं पाकीट टेबलावर ठेवता ठेवता नातेवाईक हा प्रश्न विचारतात, तेव्हा त्यांच्या आवाजात भीतीपेक्षा आशा जास्त असते. टीबी हा आपल्या ओळखीचा आजार आहे. गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, सहा महिन्यांत माणूस बरा होतो, गावात कुणाला तरी होऊन गेलेला असतो. घरात आधीच ब्लड कॅन्सर असताना 'छातीत टीबी आहे' हे वाक्य चांगली बातमी वाटते.

खरं सांगायचं तर आम्हा डॉक्टरांनाही ते वाक्य सोयीचं वाटतं. १९९९ साली भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला, जवळपास तेव्हापासून मी इथे प्रॅक्टिस करतो. दोन आठवडे खोकला, संध्याकाळी ताप, वजन कमी, एक्स-रेत डाग, म्हणजे टीबी. हे गणित इतक्या वेळा बरोबर आलं आहे की हात आपोआप एकेटी लिहायला जातो. पण ब्लड कॅन्सरच्या पेशंटमध्ये हेच गणित फसतं आणि फसलं तर जबर किंमत घेतं. माझं स्पष्ट मत आहे की अशा पेशंटला केवळ एक्स-रेवर टीबीची औषधं सुरू करू नयेत. कुणी सुरू करत असेल, तर पेशंटने आणि नातेवाइकांनी "तपासणीत टीबी सापडला का?" असं विचारावं. डॉक्टरला राग आला तरी विचारावं.

हे मी शिकलो ते माझ्या स्वतःच्या चुकीतून.

काही वर्षांपूर्वी चाळिशीतले एक शेतकरी माझ्याकडे आले. महिनाभर दम लागत होता, कोरडा खोकला होता. उजव्या बाजूला छातीत पाणी झालं होतं. मी सुईने पाणी काढलं, तपासायला पाठवलं. त्यात लिम्फोसाइट पेशी जास्त आल्या, एडीए थोडं वाढलेलं. आपल्या भागात असा रिपोर्ट आला की शंभरातले बहुतेक डॉक्टर टीबी म्हणतील. मीही म्हटलं आणि औषधं सुरू केली. "रक्ताची एक गोळी नागपूरहून चालू आहे," असं ते म्हणाले होते. मी गोळीचं नाव विचारलं नाही.

दोन महिन्यांनी नागपूरच्या रक्तविकार तज्ज्ञांचा फोन आला. "सर, यांना रिफाम्पिसिन कुणी सुरू केलं?" त्या माणसाला क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे सीएमएल होता आणि ती गोळी डॅसाटिनिब होती. डॅसाटिनिबमुळे छातीत पाणी होतं. पाच वर्षं चाललेल्या एका मोठ्या चाचणीत ही गोळी घेणाऱ्या २८ टक्के लोकांना ते झालं होतं, आणि गोळी सुरू केल्यावर कित्येक महिन्यांनी, वर्षांनीही ते होऊ शकतं. त्या पाण्यातही लिम्फोसाइटच जास्त असतात, म्हणून ते हुबेहूब टीबीच्या पाण्यासारखं दिसतं. म्हणजे नसलेल्या आजारावर मी औषध देत होतो. इतकंच असतं तरी निभावलं असतं. पण टीबीच्या औषधांतलं रिफाम्पिसिन लिव्हरमधली औषधं फोडणारी यंत्रणा जोरात चालवतं, त्यामुळे डॅसाटिनिब रक्तात टिकतच नाही. माझ्या प्रिस्क्रिप्शनने त्यांची कॅन्सरची गोळी निकामी केली होती. पांढऱ्या पेशी पुन्हा वाढायला लागल्या होत्या.

टीबीची औषधं थांबवली. डॅसाटिनिब काही दिवस बंद ठेवलं, थोडे दिवस स्टिरॉइड दिलं, पाणी आटलं आणि मग कमी डोसमध्ये गोळी परत सुरू झाली. ते वाचले, यात माझं कौतुक काहीच नाही.

रिफाम्पिसिनचा हा गुण, किंवा अवगुण, लक्षात ठेवण्यासारखा आहे. सीएमएलच्या इमॅटिनिबचं प्रमाणही ते बरंच पाडतं. फंगसवर दिलं जाणारं व्होरिकोनॅझोल तर ते ९० टक्क्यांहून जास्त कमी करतं, म्हणजे ते दिलं काय आणि न दिलं काय, सारखंच. म्हणून 'टीबीची औषधं देऊन बघू, नसला टीबी तर नुकसान काय?' हा आपल्याकडचा आवडता विचार ब्लड कॅन्सरमध्ये चालत नाही. नुकसान भरपूर आहे.

मग डाग असतो तरी कशाचा?

ल्युकेमिया, लिम्फोमा, मायलोमा यांना आपण सगळ्यांना मिळून ब्लड कॅन्सर म्हणतो. पैकी ल्युकेमियात 'कॅन्सर छातीत गेला' ही भीती बहुतेक वेळा चुकीच्या दिशेची असते. रक्त सगळीकडे जातंच, त्यामुळे गाठीच्या कॅन्सरसारखं 'पसरणं' इथे लागू होत नाही. कॅन्सरच्या पेशी फुफ्फुसात साचू शकतात, पण आधी शोधायचं ते इन्फेक्शन.

इन्फेक्शनमध्येही जिवाणूंचा न्यूमोनिया हा फक्त एक प्रकार. पांढऱ्या पेशी खूप दिवस खाली राहिल्या तर ॲस्परजिलस नावाची बुरशी फुफ्फुसात शिरते आणि तिथल्या रक्तवाहिन्या फोडते. म्युकर तर २०२१ मध्ये कोरोनानंतर 'काळी बुरशी' म्हणून सगळ्या महाराष्ट्राने पाहिली. तीच बुरशी कमी झालेल्या पेशी, स्टिरॉइड आणि शुगर एकत्र आल्यावर फुफ्फुसातही होते, आणि तिला व्होरिकोनॅझोल चालत नाही, ॲम्फोटेरिसिनच लागतं. न्यूमोसिस्टिस नावाचा तिसरा प्रकार आहे, तो बरेच दिवस स्टिरॉइड घेणाऱ्यांत आणि लहान मुलांच्या ल्युकेमियात दिसतो. त्यात एक्स-रे जवळजवळ साफ असतो आणि माणूस मात्र संडासापर्यंत चालत गेला तरी धापा टाकतो. आणि अर्थात टीबीही असतोच. मी टीबी नाही असं म्हणत नाही, मी म्हणतो तो सापडू द्या.

याशिवाय इन्फेक्शन नसलेले प्रकार आहेत. प्लेटलेट कमी असल्यामुळे फुफ्फुसात रक्त उतरतं. हॉजकिन लिम्फोमात दिलेल्या ब्लिओमायसिनने फुफ्फुस सुजतं. रक्त किंवा प्लेटलेट चढवल्यावर सहा तासांच्या आत अचानक दम लागला तर ती चढवलेल्या रक्ताची प्रतिक्रिया असू शकते, नाहीतर सलाईन-रक्त जास्त झाल्याने फुफ्फुसात पाणी भरतं. ल्युकेमियाच्या एका प्रकारात एटीआरए नावाची गोळी देतात. हा प्रकार वेळेवर उपचार मिळाले तर चांगला बरा होणारा आहे. पण सुरुवातीच्या दिवसांत ताप, दम आणि भराभर वाढणारं वजन दिसलं तर ते औषधाचं लक्षण समजून लगेच स्टिरॉइड द्यावं लागतं. न्यूमोनिया समजून नुसतं अँटिबायोटिक देत बसलं तर पेशंट हातचा जातो.

एकाच एक्स-रेतल्या एकाच पांढऱ्या डागाचे हे सगळे अर्थ, आणि प्रत्येकाचं औषध वेगळं. एका आजारावरचं स्टिरॉइड दुसऱ्यात विष ठरतं.

उलट दिशेची चूकही सांगतो, कारण ती आपल्याकडे फार होते. मानेत गाठी, ताप, वजन कमी, एक्स-रेत छातीच्या मधोमध फुगीर सावली, म्हणून महिनोन्‌महिने टीबीची औषधं, आणि शेवटी बायोप्सी केली तर लिम्फोमा. गाठ हाताला लागत असेल तर तिचा तुकडा तपासल्याशिवाय औषध सुरू करू देऊ नका. सुईने काढलेला थेंब नव्हे, जमेल तिथे पूर्ण गाठ.

साफ एक्स-रेवर विश्वास ठेवू नका

हे वाचून लोकांना नवल वाटतं, पण केमो घेतलेल्या पेशंटचा एक्स-रे साफ आहे यावरून त्याला न्यूमोनिया नाही असं सांगता येत नाही. कारण साधं आहे. न्यूमोनियात एक्स-रेवर जे पांढरं दिसतं, त्यात मोठा वाटा आपल्याच पांढऱ्या पेशींचा, म्हणजे पूचा असतो. पेशीच नसतील तर पू कुठून होणार? बेडकाही पडत नाही, स्टेथोस्कोपला आवाजही येत नाही. आग लागलेली आहे, पण धूर नाही. १९९९ मध्ये जर्मनीतल्या डॉक्टरांनी पेशी कमी असलेल्या, ताप न उतरणाऱ्या आणि एक्स-रे साफ असलेल्या पेशंटचे सीटी काढून पाहिले, तेव्हा निम्म्याहून जास्त स्कॅनमध्ये न्यूमोनिया दिसला.

म्हणून पेशी खाली असताना ताप दोन-तीन दिवसांत उतरला नाही, किंवा खोकला, दम, छातीत दुखणं, थुंकीत रक्त यातलं काहीही असेल, तर एचआरसीटी लगेच काढावा. यात बहुतेक वेळा इंजेक्शनचा रंग लागत नाही, काही मिनिटांचं काम असतं. कोरोनाने आपल्याला एचआरसीटी शिकवला, पण सोबत एक वाईट सवयही लावली. लोक विचारतात, "स्कोअर किती आला?" इथे स्कोअर नसतो. इथे आकार बघायचा असतो. गाठीभोवती धुक्याचं वलय दिसलं, त्याला हेलो म्हणतात, तर ॲस्परजिलसची शंका घट्ट होते. हे वलय पहिल्या काही दिवसांतच ठळक असतं, नंतर विरतं. आठ दिवस उशिरा काढलेल्या सीटीत ती खूण गेलेली असू शकते. आणि एक दिलासा: बरोबर औषध चालू असतानाही पहिल्या आठ-दहा दिवसांत सीटीवर डाग मोठा झालेला दिसू शकतो. त्यामुळे दुसरा रिपोर्ट वाचून रात्री अकरा वाजता औषध बदलायचा आग्रह धरू नका.

सीटी दिशा दाखवतो, आजाराचं नाव सांगत नाही. नावासाठी रक्तातलं गॅलॅक्टोमॅनन, ही ॲस्परजिलसची तपासणी, थुंकीची टीबीसाठीची सीबीनॅट किंवा ट्रूनॅट, आणि लागली तर ब्रॉन्कोस्कोपी करतात. ट्रूनॅट हे मशीन गोव्यात बनतं, बॅटरीवर चालतं आणि दीड-दोन तासांत उत्तर देतं. सीबीनॅट आणि ट्रूनॅटची सोय सरकारी यंत्रणेत मोफत आहे. मग नुसत्या एक्स-रेवर टीबी ठरवायची घाई कशाला?

ब्रॉन्कोस्कोपीचं नाव काढलं की आपल्याकडे घरचे उठून उभे राहतात. 'दुर्बीण घातली आणि पेशंट गेला' ही गोष्ट प्रत्येक गावात कुणीतरी सांगतो. बहुधा तो पेशंट आधीच शेवटच्या टोकाला गेल्यावर दुर्बीण घातलेली असते. प्रत्यक्षात घसा बधिर करून बारीक नळी आत नेतात, मिठाचं पाणी सोडतात आणि ओढून घेतात. ते धुतलेलं पाणी तपासायला जातं. नुसतं धुवायचं असेल तर प्लेटलेट साधारण २० हजारांच्या वर असल्या तरी चालतं, तुकडा घ्यायचा असेल तर जास्त लागतात. ऑक्सिजन थोडा वेळ उतरू शकतो. ज्याला आधीच खूप ऑक्सिजन लागतो आहे त्याला ती झेपत नाही, तिथे अंदाजाने उपचार करावे लागतात. आणि प्रत्येक वेळी उत्तर मिळतंच असंही नाही. तरीही पेशंट बोलतो-चालतो आहे तोवर ती करून घ्यावी, या मताचा मी आहे. चार दिवसांनी करायची तर तेव्हा ती करण्यासारखी अवस्था उरत नाही.

कुणी म्हणेल, डॉक्टर, तुम्ही शोधत बसाल आणि पेशंट जाईल. नाही. पेशी कमी आणि ताप, या परिस्थितीत अँटिबायोटिकचं इंजेक्शन दवाखान्यात आल्यापासून एका तासात गेलं पाहिजे, कुठल्याही रिपोर्टची वाट न पाहता. त्याआधी ब्लड कल्चर घ्यायचं, बस. जिवाणूंना तास पुरतात. टीबीला बहुतेक वेळा इतकी घाई नसते, दोन-तीन दिवस थांबून पुरावा शोधता येतो. आपण नेमकं उलटं करतो: अँटिबायोटिकला 'नागपूरला गेल्यावर बघतील' म्हणतो आणि एकेटी मात्र लगेच सुरू करतो.

गोंदियाहून नागपूर रेल्वेने साधारण १३० किलोमीटर. देवरी, अर्जुनी मोरगावकडच्या माणसाला आधी गाडी मिळायला वेळ, मग रस्ता, मग तिथला कॅज्युअल्टीचा नंबर. तो एक तास केव्हाच संपलेला असतो. म्हणून पहिला डोस इथेच द्यावा आणि मग ॲम्ब्युलन्स काढावी, असं मी माझ्या तरुण सहकाऱ्यांना सांगत असतो. नागपूर किंवा मुंबईच्या डॉक्टरला फोन करून द्या. आजवर मला एकाही रक्तविकार तज्ज्ञाने 'का दिला' असं विचारलेलं नाही.

चार दिवस

एक मुलगा होता. कॉलेजात शिकणारा, ॲक्यूट ल्युकेमिया. मुंबईत केमो, मग विदर्भ एक्सप्रेसने घरी. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पेशी तळाला जातात, त्याच्या आजारात तर दोन-तीन आठवडे तिथेच राहतात. अकराव्या दिवशी ताप आला. गावाजवळच्या एका दवाखान्यात पॅरासिटामॉल आणि कमरेत इंजेक्शन मिळालं, एक्स-रे 'क्लिअर' आला. घरचे निर्धास्त झाले. चौथ्या दिवशी माझ्याकडे आणला तेव्हा ऑक्सिजन ८९ होता. सीटीत दोन्ही बाजूंना गाठी, भोवती वलय. नागपूरला बुरशीचं औषध सुरू झालं. पेशी वाढायला लागल्या तेव्हा सगळ्यांना वाटलं आता सुटला, आणि नेमकं त्याच सुमाराला त्याला थुंकीतून रक्त आलं. त्यात तो गेला. पेशी परत येताना सडलेला भाग सुटतो आणि रक्तवाहिनी उघडी पडते, असं होतं कधी कधी.

चार दिवस आधी आला असता तर वाचला असता, असं मी छातीठोक सांगू शकत नाही. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत व्होरिकोनॅझोल मिळालेले ७१ टक्के पेशंट १२ आठवड्यांनी जिवंत होते, जुन्या ॲम्फोटेरिसिनवर ५८ टक्के. म्हणजे योग्य औषध मिळूनही सगळे वाचत नाहीत. पण त्याला योग्य औषध मिळालं तेच उशिरा. त्याच्या वडिलांनी मला नंतर एकच विचारलं, "एक्स-रे तं साफ होता न साहेब?"

म्हणून घरच्यांसाठी थोडं. थर्मामीटर घरात ठेवा आणि पॅरासिटामॉल देण्याआधी ताप मोजा, कारण गोळीने ताप लपतो, आजार नाही. १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त आला की तो रात्रीचा असो की पोळ्याचा, फोन करायचा. कमरेत इंजेक्शन घेऊ नका. प्लेटलेट कमी असतील तर तिथे रक्ताची गाठ होते, आणि त्यात स्टिरॉइड असेल तर दोन दिवस खोटं बरं वाटतं. कोरोनातला ऑक्सिमीटर कपाटात पडला असेल तर काढा. पेशंटला अंगणात चालवून बघा. बसल्यावर ९७ आणि चालल्यावर ९२ असेल, तर बसल्यावरचा आकडा विसरा आणि निघा.

आपल्या धानाच्या भागात आणखी एक गोष्ट मी प्रत्येकाला विचारतो: घरी मळणी चालू आहे का? भिजलेली तणस, कोंडा, जुन्या कोठीतलं धान, यांवर ॲस्परजिलस मुबलक वाढतो. धडधाकट माणसाला त्याचं काही होत नाही. पेशी खाली असलेल्याने दिवाळीनंतरच्या त्या दिवसांत खळ्याकडे आणि तणसीच्या ढिगाकडे फिरकूच नये. घराची भिंत पाडणं किंवा डागडुजी चालू असेल तर तेवढे दिवस दुसरीकडे राहावं. आणि ही गोष्ट डॉक्टरला न विचारता सांगा, कारण नागपूर-मुंबईच्या डॉक्टरला तुमच्या घरामागे तणसीचा ढीग आहे हे कसं कळणार?

दवाखान्यात येताना फाईल आणा, सगळी. आजाराचा नेमका प्रकार, केमोची तारीख, शेवटचा सीबीसी, रक्त-प्लेटलेट कधी चढवल्या, आणि चालू असलेल्या प्रत्येक गोळीची पट्टी. 'रक्ताची एक गोळी' असं सांगू नका. आणि डॉक्टरने नाव विचारलं नाही, तर त्याच्या हातात पट्टी द्या.

ते शेतकरी अजून येतात, वर्षातून दोनदा, नवा तांदूळ निघाला की पिशवी घेऊन. गोळी चालू आहे, छातीत पाणी परत झालेलं नाही. त्यांच्या फाईलच्या पहिल्या पानावर मी लाल शाईने लिहून ठेवलं आहे: 'डॅसाटिनिब चालू. रिफाम्पिसिन देण्याआधी फोन करा.' खाली नागपूरच्या डॉक्टरांचा नंबर आहे आणि माझाही.